शेतीचा गेम खेळूनही जीव दमतो, त्याचं काय?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही बँकेत कॅशला बसता. दिवसभर नोटा मोजायच्या, संध्याकाळी कॅश जुळवायची, दहा रुपयांचा फरक निघाला तरी उठता येत नाही. घरी आल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आवराआवर. रात्री दहा ते पावणेअकरा एवढाच वेळ तुमचा स्वतःचा. 'एकदम शांत गेम आहे' असं भावानं सांगितलं म्हणून तुम्ही 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम घेतलात. महिनाभर खेळलात, आणि आता अंथरुणावर पडलं की डोळ्यांपुढे वाळून गेलेला फ्लॉवर येतो. सगळ्यांना ज्यानं बरं वाटतं त्यानं मलाच धाप का लागते, माझंच काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय लॅपटॉप जुना आहे, तर दुसरं काय घेऊ, हेही.

तुमचं काही चुकत नाही. मी पुण्यात गेम डिझाइन करतो, चौदा वर्षं झाली, आणि ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यात मला नवल वाटत नाही. लोक 'शांत' म्हणतात ते चित्राला बघून. कोंबड्या गोंडस, संगीत मंद, कोणी कोणाला मारत नाही, झाला शांत गेम. पण आपल्याला दमवतात किंवा निववतात ते गेमचे नियम, आणि ते चित्रात दिसत नाहीत.

स्टारड्यूचंच बघा. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः केलं आणि २०१६च्या फेब्रुवारीत तो बाहेर आणला. आजवर चार कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. माझाही आवडता गेम आहे, त्यामुळे पुढचं नावं ठेवायला म्हणून लिहीत नाही. त्यातला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो. तिथली दहा मिनिटं म्हणजे आपले सात सेकंद. म्हणजे अख्खा दिवस चौदा मिनिटांत उरकतो. दोनच्या आत अंथरुणात शिरला नाहीत तर असाल तिथे कोसळता आणि गाठीचे थोडे पैसे जातात. अंगातली ताकद मोजणारी पट्टी कोपऱ्यात, राबाल तशी उतरत असते. ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू पालटला की उभं पीक मेलं. त्यात लॅपटॉपवर खेळताना गेममध्ये झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, म्हणून मध्येच उठता येत नाही; उठायचं तर दिवस संपवूनच.

आणि दिवस संपला की पडद्यावर काय येतं? हिशेब. शेतीचे इतके, मासळीचे इतके, खाणीतले इतके, एकूण इतके. तुमच्या पाऊण तासात तिथले तीन दिवस बसतात. म्हणजे बँकेतून सुटून आल्यावर तुम्ही रोज रात्री आणखी तीनदा दिवसाची कॅश बंद करताय. धाप लागणार नाही तर काय होईल?

आता हाच हिशेब तुमच्या भावाला का सुखावतो? तो काय काम करतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो, त्याचं काम असं असणार ज्याचा शेवट कधी दिसत नाही. आयटीतला असेल, नाहीतर प्रोजेक्टवरचा. सहा महिने राबूनही 'झालं' असं म्हणता येत नाही अशा माणसाला चार दिवसांत उगवलेलं पार्सनिप (गाजरासारखं कंदमूळ) आणि त्याचे रोख पैसे म्हणजे औषध आहे. तुमच्याकडे उलट आहे. तुमचं काम रोज संपतं, पण चुकीला जागा न ठेवता संपतं. दोघांचा थकवा वेगळा, म्हणून उतारही वेगळा.

हे मला कळलं ते कामातून नाही, वडिलांमुळे. लॉकडाऊनमध्ये मी रात्री 'युरो ट्रक सिम्युलेटर २' खेळायचो. प्राग शहरातल्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीचा, २०१२चा गेम. ट्रकमध्ये माल भरायचा आणि युरोपच्या रस्त्यांनी नेऊन पोचवायचा, बस्स. बाहेर पाऊस, वायपरचा आवाज, समोर दिव्यांची रांग. माझं डोकं त्यात इतकं निवायचं की काय सांगू. वडील एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोतून निवृत्त झाले. एका रात्री ते मागे येऊन उभे राहिले. मी कॅलेहून ड्युइसबर्गला निघालो होतो.

"उलट्या बाजूनं का चाललायस?"

"तिकडं उजवीकडूनच चालवतात, अप्पा."

थोडा वेळ गप्प. मग, "इंडिकेटर दे की. मागनं गाडी आहे." मग, "उतार लागला, गिअर टाक आधी." मग स्वतःच खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आण इकडं. कीबोर्डवर त्यांची बोटं बसेनात, पहिल्याच टोलनाक्याच्या खांबाला गाडी घासली आणि पडद्यावर दंड झळकला. वडील हसले नाहीत. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खांब घासला नव्हता. उठले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मोकळं बसायचं तर गाडी कशाला चालवायची रे माणसानं?" त्यांना मी नंतर पत्त्यांचा सॉलिटेअर लावून दिला, तो मात्र रोज तासभर चालायचा. (हा सॉलिटेअर १९९०मध्ये विंडोज ३.०बरोबर आला, तेव्हा माऊसनं वस्तू ओढायची सवय लोकांना लागावी हाही त्यामागचा हेतू होता. सरकारी कचेऱ्यांनी ती सवय फारच मनावर घेतली.)

तेव्हा 'सगळ्यात शांत गेम कोणता' याला उत्तर नाही. तुमचा दिवस तुमच्याकडून काय पिळून घेतो, आणि गेम पुन्हा तेच मागतो का, एवढं बघायचं. तुम्हाला दिवसभर बरोबर असावं लागतं. म्हणून रात्री असं काही हवं जिथे चूक नावाची गोष्टच नसेल. बाकी कोणाला नेमकं उलटं लागेल. दिवसभर लोकांशी बोलून घसा सुकलेल्या माणसाला गप्पांनी भरलेला गेम नको असतो, आणि एकट्यानं घरी बसून काम करणाऱ्याला तोच हवा असतो.

दुसरी एक कसोटी मी सगळ्यांना सांगतो, आणि ती मी अपराधी भावनेतून शिकलोय. गेम बंद केल्यावर आत काय होतं? तुम्ही नसताना तिथलं जग थांबतं, का तुमच्यावाचून बिघडत जातं?

फेसबुकवरचं 'फार्मव्हिल' आठवत असेल. २००९ साली आलं आणि निम्म्या ऑफिसांना लागलं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर सडायची. रात्री अडीचचा गजर लावून स्ट्रॉबेरी काढणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातली एक माझी सख्खी आत्या. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव, गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास. 'हे डे'मध्ये सडत काही नाही, पण घड्याळ तिथेही आहेच; गहू दोन मिनिटांत, बाकीचं तासांवर.

माझी पहिली नोकरी असल्याच एका शेतीच्या मोबाइल गेमवर होती. माझं काम होतं वेळा ठरवायचं. कोणतं पीक किती तासांनी पिकेल? आम्ही एक पीक आठ तासांचं ठेवलं, कारण झोपताना पेरलं की डोळा उघडल्या उघडल्या माणसाचा हात फोनकडे जायला हवा. 'तुमची झाडं तहानलेली आहेत' असली नोटिफिकेशन मी लिहिली आहेत आणि कोणत्या वाक्यावर जास्त लोक परत येतात ते मोजलंही आहे. आमच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या दिवशी किती आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती एवढेच आकडे असायचे. किती जणांना बरं वाटलं, हा तक्ता कधी कोणी मांडला नाही. त्यामुळे फुकट मिळणाऱ्या गोंडस गेमबद्दल मी जरा कडवट आहे, हे धरूनच वाचा. पण बँकेतून आल्यावर तहानलेल्या झाडांचा निरोप तुम्हाला नकोय, एवढं मात्र नक्की.

याच कसोटीवर प्राण्यांच्या शेजारी घर थाटून राहायचा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' मध्येच कुठेतरी बसतो. कात्सुया एगुची चिबा सोडून क्योटोला निन्टेन्डो या गेम कंपनीत नोकरीला गेले, घरच्यांची आणि मित्रांची उणीव भासली, आणि त्या एकटेपणातून त्यांना ही कल्पना सुचली. २०२०च्या मार्चमध्ये आलेला त्यातलाच 'न्यू होरायझन्स' हा गेम लॉकडाऊनमध्ये जगभर खेळला गेला. टॉम नूक या गेममधल्या पात्राकडून घरासाठी कर्ज घ्यायचं, त्याला व्याज नाही आणि मुदतही नाही. बँकेतल्या माणसानं हे एकदा तरी बघावंच. पण तो खऱ्या घड्याळावर चालतो. तुम्ही रात्री दहाला मोकळ्या होता आणि तिथलं दुकान दहालाच बंद होतं. बरेच दिवस गेला नाहीत तर गवत माजतं, घरात झुरळं होतात, शेजारी 'कुठे होतीस' म्हणून विचारतात. काहींना ती विचारपूस गोड वाटते. मला सासरहून आलेल्या फोनसारखी वाटते. शिवाय त्यासाठी निन्टेन्डो स्विच हे वेगळं गेमयंत्र लागतं, म्हणजे तुमच्या जुन्या लॅपटॉपवर प्रश्नच मिटला.

आता तुम्हाला काय सुचवू? पहिलं नाव 'अनपॅकिंग'. ब्रिस्बेनच्या विच बीम या छोट्या स्टुडिओचा, २०२१चा. रेन ब्रायर आणि टिम डॉसन एकत्र राहायला गेले तेव्हा खोकी उघडताना ही कल्पना निघाली. खेळ एवढाच: एक मुलगी १९९७ ते २०१८ या काळात आठ घरं बदलते आणि प्रत्येक घरी तुम्ही तिची खोकी उघडून वस्तू लावता. ती स्वतः कधी समोर येत नाही, कोणी बोलत नाही. घड्याळ नाही, गुण नाहीत. कागदात गुंडाळलेली बशी काढायची आणि फळीवर ठेवायची. बशी लाकडावर ठेवली तर एक आवाज, फरशीवर वेगळा, गादीवर वेगळा. असे चौदा हजारांहून जास्त आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केले आहेत. इअरफोन लावून खेळा, अर्धं सुख त्यातच आहे.

आणि गंमत म्हणजे एवढ्यातूनही गोष्ट उभी राहते. २०१०च्या घरात ती मित्राच्या फ्लॅटवर राहायला जाते. तिथे त्याचं सामान आधीच ठाण मांडून बसलेलं, तुम्हाला सरकवून सरकवून जागा करावी लागते. शेवटी हातात उरते तिची पदवीची फ्रेम. भिंतीवर जागा नाही. कपाटावर ठेवून बघाल, टेबलावर ठेवून बघाल, काही जमत नाही. ती बसते एकाच जागी: पलंगाखाली. मी ती तिथे सरकवली आणि दोन मिनिटं माऊस सोडून बसलो. पुढच्या घरात काय होतं ते सांगत नाही, पण तुम्हाला अंदाज आला असेल.

एक सूचना. वस्तू चुकीच्या जागी असली तर शेवटी तिच्याभोवती लाल रेघ येते. तुम्ही ती बघितलीत की लगेच 'फरक निघाला' असं वाटणार. म्हणून सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली जा आणि वस्तू कुठेही ठेवू देणारा पर्याय चालू करा. (पलंगाखालचं तेवढं मग स्वतःच्या मनानं करा.) हा पर्याय वापरणं म्हणजे खोटं खेळणं, असं सांगणारे भेटतील. त्यांना कॅश काउंटरवर आठवडाभर बसवा.

दुसरा 'अ शॉर्ट हाइक', अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांचा, २०१९चा. जुन्या लॅपटॉपवर मजेत चालतो. क्लेअर नावाचा एक छोटा पक्षी मे नावाच्या मावशीकडे राहायला आलाय (मावशी की आत्या, ते इंग्रजीमुळे शेवटपर्यंत कळत नाही). एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतोय, आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. तेव्हा डोंगर चढायचा. पण वाटेत समुद्रकिनारा आहे, शिंपले आहेत, कोणाचा हेडबँड हरवलाय, कोणी मासे धरतंय. माथ्यावर जायची घाई कोणालाच नाही. दोन-तीन रात्रींत संपतो. फोनवर काय बोलणं होतं ते हलकंफुलकं नाही, आधीच सांगून ठेवतो. पण त्यानंतर माथ्यावरून पंख पसरून खाली तरंगत येताना जे वाटतं ते सांगून कळणार नाही.

तिसरा 'टाउनस्केपर', ज्या दिवशी गोष्ट वाचायचीही ताकद नसेल त्या दिवसासाठी. ऑस्कर स्टॉलबर्ग यांनी केलेला. समुद्रावर क्लिक केलं की 'बुळुक' आवाज होऊन घर उभं राहतं. शेजारी क्लिक केलं की घरं आपोआप जुळतात, जिने फुटतात, कमानी होतात, चारी बाजूंनी वेढलेल्या जागेत बाग उगवते. ध्येय नाही, पैसे नाहीत, शेवट नाही. मोबाइलवरही मिळतो आणि ब्राउझरमध्ये चालणारी छोटी आवृत्तीही आहे, ती आधी बघा. हे माणसाला दहा मिनिटांत कंटाळवाणं तरी वाटतं नाहीतर व्यसन तरी लागतं. 'डॉर्फरोमांटिक'ही याच घराण्यातला, षटकोनी तुकडे जोडून गावं-जंगलं वाढवायचा; पण त्यात कडा जुळवायच्या असतात आणि गुण असतात, म्हणून तुमच्यासाठी नाही. घेतलाच तर क्रिएटिव्ह मोडमध्येच खेळा.

'पॉवरवॉश सिम्युलेटर'चं नाव तुम्हाला सगळे सुचवतील. पाण्याच्या फवाऱ्यानं मळलेली गाडी, अंगण, घसरगुंडी धुवायची. तो खरोखरच छान आहे. भाग स्वच्छ झाला की 'टिंग' होतं आणि चमकतो. फक्त जुन्या लॅपटॉपवर तो कण्हत चालेल, आणि शेवटचा एक टक्का मळ शोधणं म्हणजे तुमचे ते दहा रुपयेच. तरी त्याचा उल्लेख एका कारणासाठी करतोय. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी याच गेममध्ये मध्येच 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारायची सोय करून ३९ देशांतल्या ८,६९५ खेळाडूंची उत्तरं तपासली. सरासरीनं मूड थोडासा सुधारला, फार नाही, पण सुधारला. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की जो काही फरक पडला तो मुख्यतः पहिल्या पंधरा मिनिटांतला. माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे. पंधरा-वीस मिनिटांत जे निवायचं ते निवतं, पुढचा तास आपण त्याच्याच शोधात खेळत राहतो. तेव्हा पाऊण तासच मिळतो याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि पावणेअकराला लॅपटॉप मिटल्यावरही डोकं पळत असेल, किंवा गेमपायी झोप रोजच जात असेल, तर गेम बदलून उपयोग नाही. त्या आठवड्यात सरळ झोपा.

खरेदीबद्दल एवढंच: स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणजे तुमच्या दोन रात्री हातात आहेत. दुसऱ्या रात्री स्वतःहून लॅपटॉप उघडावासा वाटला नाही, तर परत करा. फक्त 'अ शॉर्ट हाइक'ला हा हिशेब लावू नका, तो तेवढ्यात संपत येतो आणि बहुतांशी एकट्या माणसाची मेहनत आहे.

राहिलं स्टारड्यू. विकत घेतलाच आहे, तर टाकून देऊ नका. एकट्यानं खेळताना मेनू उघडला की घड्याळ थांबतं, हे बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने कळत नाही. लॅपटॉपवर घड्याळ हळू करणारे मॉडही (खेळाडूंनीच केलेले गेममधले बदल) मिळतात. एखाद्या दिवशी पाणी घातलं नाही तर पीक मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही. जनावरं उपाशी राहिली तर रुसतात, मरत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हे शेत तुमच्यासाठी मागे ठेवून गेलेले दिवंगत आजोबा येऊन त्याची पारख करतात, त्याचा धसका घेऊन लोक रात्र रात्र जागतात. पण कमी गुण पडले तर त्यांच्या समाधीपाशी हिरा ठेवायचा, ते पुन्हा येऊन पुन्हा बघतात. कितीही वेळा. असा ऑडिटर आपल्याला जन्मात भेटणार नाही.

आणि फ्लॉवरला बारा दिवस लागतात, म्हणून वसंतातल्या १६ तारखेनंतर लावू नका. किंवा लावा, आणि २८च्या रात्री मेला तर मरू द्या. १ तारखेला सकाळी मिरचीचं बी घ्या.